येडी गोधडी

ताई, नमस्कार. अमळनेर तालुक्यातल्या एका गावात राहते. वय ४९. मुलगा पुण्याला नोकरीला, मुलगी सासरी. दोन वर्षांपूर्वी मोबाइलवर क्रेझी क्विल्टिंग पाहिलं आणि वेडच लागलं. वेडेवाकडे तुकडे जोडायचे, प्रत्येक जोडावर निराळा टाका घालायचा, वर मणी, टिकल्या, लेस. आतापर्यंत बारा इंची चार चौकोन झाले. रोज दुपारी दीड तास बसून एकेकाला तीन आठवडे लागले. सासूबाई म्हणतात, “हाई काय शे व माय? ना आथराले, ना पांघराले!” त्यांनी जन्मभर गोधड्या शिवल्या, म्हणून त्यांचं बोलणं जास्त लागतं. यजमान म्हणतात, एवढी मेहनत करतेस तर विकत का नाहीस? नणंदेने तर दहा बटव्यांची ऑर्डरच दिली, एकाचे तीनशे रुपये देईन म्हणते. मला विकायचं नाही, पण तसं म्हटलं की मीच येडी ठरते. दुसरं, आईचा लग्नातला नऊवारी शालू माझ्याकडे आहे. आईला जाऊन सहा वर्षं झाली. तिची लुगडी धाकट्या बहिणीकडे गेली, शालू माझ्याकडे आला. आता तो घडीवर चिरत चाललाय. कापून चौकोनात वापरावा असं मनात येतं, पण कात्री घेतली की हात थरथरतो. तिसरं, माझे मणी गळतात आणि कापडाला चुण्या पडतात. काय चुकतं? फोटो पाठवते आहे.
– नाव नको, अमळनेर तालुका

नाव न लिहिणाऱ्या ताई, नमस्कार.

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते. मणी गळणं हे औषधानं बरं होणारं दुखणं आहे. बाकीची दोन जुनाट, त्यांना वेळ द्यावा लागेल.

पाठीमागचा फोटोही पाठवलात हे फार बरं केलंत. शाळेत शिवणाच्या तासाला मुलींचे रुमाल उलटे करून मार्क देण्यात माझी नोकरी गेली, ती खोड अजून जात नाही. तुमच्या दुसऱ्या चौकोनाच्या पाठीवर एकच दोरा या कोपऱ्यातल्या मण्यापासून त्या कोपऱ्यातल्या मण्यापर्यंत गेलाय, अंगणात कपडे वाळत घालायला दोरी बांधावी तसा. मधे कुठे गाठ नाही. एक मणी बांगडीत अडकून तुटला की सगळी ओळ सैल पडणार आणि बाकीचे सावकाश गळणार. दर तीन-चार मण्यांमागे उलट्या बाजूला बारीक टाका घेऊन गाठ मारा. पुढचा मणी अर्ध्या इंचाहून लांब असेल तर दोरा तोडून नवीन घ्या. आळस करू नका, मी पुष्कळ केलाय आणि मणी देव्हाऱ्याखालून वेचलेत. एका मण्यातून सुई दोनदा गेली पाहिजे.

दुसरं कारण तुमच्या त्या काचेच्या लांब नळ्या. त्यांची तोंडं कापलेली असतात, कड धारदार राहते आणि तीच दोरा कापते. नळीच्या दोन्ही टोकांना एकेक गोल मणी ओवा, म्हणजे दोरा वळतो तो गोल मण्याच्या गुळगुळीत कडेवर. आणि मण्यांना भरतकामाचा दोरा वापरलाय तो सोडा. तो मऊ असतो, घासून पिंजतो. पॉलिस्टरचा शिलाईचा दोरा दुहेरी घ्या आणि मेणावरून ओढा. मधमाश्यांचं मेण मिळालं तर उत्तम, नाहीतर वीज गेल्यावर लावतो ती मेणबत्ती चालते.

मण्यांची सुई वेगळी मिळते, लांब आणि केसासारखी, दहा किंवा बारा नंबरची. सुई काय आणि मणी काय, नंबर वाढला की माल बारीक. अकरा नंबरचा मणी जेमतेम दोन मिलिमीटरचा भरतो. आपल्याकडच्या कटलरीच्या दुकानात मण्यांचे नंबर कोणी सांगत नाही, ‘बारीक’ आणि ‘मोठे’ एवढंच असतं. म्हणून सुई पर्समध्ये घेऊन जा आणि पुडी फोडायला लावून तिथेच चार मणी ओवून बघा. दुकानदार वैतागेल. वैतागू द्या. स्वस्त पुडीत निम्म्या मण्यांची भोकं बुजलेली असतात.

आता चुण्या. दोष टाक्यांचा कमी, पायाचा जास्त. फोटोत दिसतंय की तुकडे तुम्ही ब्लाऊजच्या अस्तरावर बसवलेत. ते पातळ, त्यात न धुतलेलं. वर सत्तर टाके पडले की ते आकसणारच. पायाला मांजरपाट घ्या. रात्रभर पाण्यात भिजवा, वाळवा, कडक इस्त्री करा, मगच कापा. आणि बारा इंचांचा चौकोन हवा असेल तर पाया चौदा इंचांचा कापा. भरतकाम कितीही सावकाश केलं तरी कापड थोडं आत ओढलं जातंच. शेवटी मोजून बारा इंचांवर छाटायचं. तुम्ही आधीच बारा कापलंत, म्हणून तुमचा पहिला चौकोन साडेअकरा आणि तिसरा सव्वाअकरा झाला, बरोबर? जोडताना ही चौघं एकमेकांशी भांडतील. चिंता नको, मधे दोन बोटांची काळी पट्टी घालून ते भांडण मिटवता येतं.

दोरा ओढायचा नाही, कापडावर ठेवायचा. मुलींना मी सांगायचे, वेणी घालतेस की केस उपटतेस? सहा पदरी लडीतले दोन किंवा तीनच पदर घ्या, आणि लांबी कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत, त्याहून जास्त नको. दोरा लांब घेतला की सुई ओवायचा वेळ वाचतो आणि गुंता सोडवण्यात दुप्पट जातो. रिंगमध्ये कापड रात्रभर अडकवून ठेवू नका. मखमलीवर तो वळ उठला की जात नाही.

क्रमही सांगून टाकते. तुकडे जोडून झाले की इस्त्री, मग लेस आणि रिबिनी, मग जोडांवरचे टाके, मग फुलं-पानं, आणि मणी सगळ्यात शेवटी. मणी लावल्यावर इस्त्री फिरवायची नाही. प्लॅस्टिकचे मोती इस्त्रीखाली कसे बसतात ते एकदा पाहिलंय, पुन्हा पाहायचं नाही. कडेपासून इंचभर जागा मण्यांवाचून सोडा, नाहीतर चौकोन जोडताना मशीनची सुई मण्यावर आपटून तुटेल.

हे झालं औषध. आता थोडं मत देते, न मागता.

चारांत तुमचा चौथा चौकोन सरस आहे. का, ते सांगते. त्यात तो चिंचोक्याच्या रंगाचा खणाचा तुकडा तुम्ही तसाच मोकळा ठेवलात. पहिल्या तिघांत बोटभरही जागा रिकामी नाही, फूल झालं की टिकली, टिकली झाली की मणी. लग्नघरात सगळ्या मावश्या एकदम बोलतात तसं झालंय. येडी गोधडी म्हणजे काहीही चालतं असं नाही. तुकडे वेडेवाकडे असतात म्हणूनच कुठेतरी डोळ्याला बसायला पाट लागतो. तीन नक्षीदार तुकड्यांमागे एक साधा ठेवून बघा. दोऱ्याचा एखादा रंग पूर्ण चौकोनभर फिरवा, म्हणजे सगळं एका घरातलं वाटतं. मधला पंचकोनी तुकडा गडद घ्या आणि त्याच्याभोवती तुकडे फिरवत बाहेर या.

आणि ते कोळ्याचं जाळं! तीन चौकोनांत तीन जाळी. मोबाइलवरून घेतलीत हे उघड आहे, कारण अमेरिकेतल्या जुन्या चौकोनांत कोळी आणि त्याचं जाळं हमखास असायचं. काम तुम्ही सुंदर केलंय, चंदेरी दोरा अगदी ताणून बसलाय. पण आपल्याकडे जाळं दिसलं की बाई केरसुणी शोधते. सासूबाईंच्या डोळ्यांत ते कसं खुपलं असेल, विचार करा. तुमच्या दाराबाहेर काय कमी आहे? फुटलेलं कापसाचं बोंड घ्या. पांढऱ्या दोऱ्याच्या गाठी दाटीनं घातल्या की कापूस फुलतो, आणि खाली तपकिरी साखळी टाक्याच्या चार पाकळ्या. ज्वारीचं कणीस तर बारीक पिवळट मण्यांसाठीच जन्माला आलंय. केळीचं पान फाटलेलं दाखवायचं असेल तर फेदर स्टिचसारखा टाका नाही, तो मुळातच पिसासारखा, फांद्या फुटत जाणारा असतो. वाऱ्यानं चिरलेलं पान रावेर-यावलच्या बागेत कसं दिसतं ते मोबाइलवर शोधायची गरज नाही.

बंजारा कामाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण चौथ्या फोटोच्या कडेला आरसे लावलेला एक जुना तुकडा पडलेला दिसतो, म्हणून सांगते. चाळीसगाव, जामनेरकडच्या तांड्यांवरच्या बायकांचे फेटिये म्हणजे घागरे आणि काचळ्या म्हणजे चोळ्या, त्यांवरचे आरसे, कवड्या, दाट टाके, हे आपल्या जवळचं सर्वांत देखणं सुईकाम आहे. ते कापून तुकडा करायचा नाही. घातलेलं बघा, हात लावू दिला तर उलटून बघा. आरशाला भोक नसतं. आधी दोऱ्यांची उभी-आडवी चौकट त्याच्यावर ताणतात आणि मग त्या चौकटीला धरून गोल टाके घालत जातात, म्हणून तो घट्ट बसतो. हे शिकून घ्या आणि आपल्या कापडावर करा. दुसऱ्या बाईची पुरी झालेली वस्तू म्हणजे आपली कातरण नव्हे.

कातरणीवरून आठवलं. माल कुठून आणायचा याची काळजी खानदेशातल्या बाईनं करू नये. ओटीत आलेले ब्लाऊजपीस तुमच्या ट्रंकेत किती आहेत? माझ्याकडे एकदा मोजले तर ६४ निघाले, त्यातले शिवण्यासारखे पाच. बाकीचे या ओटीतून त्या ओटीत फिरत असतात, काही तर फिरून माझ्याकडेच परत आलेत. या कामाला असा माल उत्तम. ब्लाऊज शिवणाऱ्या बाईकडची कातरणही मागा, दिवाळीआधी पोतंभर निघते. फक्त रंग सुटतो का ते बघा. पांढरं फडकं ओलं करून कापडावर घासायचं, फडकं रंगलं तर तो तुकडा बाद. लाल आणि काळ्यावर तर अजिबात विश्वास ठेवू नका.

आता सासूबाई.

ताई, त्या बरोबर बोलतात. ही वस्तू अंथरायची नाही आणि पांघरायचीही नाही. मुळातसुद्धा नव्हती. १८७६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाला मोठं प्रदर्शन भरलं, त्याला एक कोटीच्या आसपास माणसं आली. तिथे जपानच्या दालनातली भांडी, पंखे, वाकड्यातिकड्या मांडणीची नक्षी बघून तिकडच्या बायका हरखल्या. चिनी मातीच्या भांड्यावर झिलईला बारीक तडे जातात ना, त्या तड्यांना इंग्रजीत जो शब्द आहे त्यावरूनच हे क्रेझी नाव आलं असं मानणारे आहेत. त्याच प्रदर्शनात इंग्लंडच्या बायकांचं भरतकामही होतं. पुढची दहा-पंधरा वर्षं तिकडे घरोघर रेशीम आणि मखमलीचे तुकडे जोडण्याची लाट आली. रेशमाच्या गिरण्या कातरणीच्या पिशव्या भरून विकायच्या. आणि तयार झालेली चादर जायची कुठे? बैठकीच्या खोलीत, कोचाच्या पाठीवर, पियानोवर. आलेल्या पाहुण्यानं बघावी म्हणून. त्यात बहुतेक वेळा कापूसही भरलेला नसतो. नाव क्विल्ट, पण गोधडीच्या हिशेबात ती नुसती खोळ. भुसावळला मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या पुढे जातो तेव्हा कापूस नाही हे बरंच म्हणायचं.

तेव्हा “हिचा उपयोग काय” याला उत्तर शोधू नका. उत्तर शोधायला गेलात की उशीचे अभ्रे, मोबाइलची पिशवी, टीव्हीवरचं झाकण असं काहीबाही सुरू होतं आणि मजा जाते.

पण एक सांगते. माझ्या सासूबाईंची एक गोधडी माझ्याकडे आहे. जुन्या लुगड्यांचे थर, वर बोटभर अंतरानं धावदोरा, ओळी इतक्या सरळ की पट्टीनं आखल्यासारख्या. चारही कोपऱ्यांना त्रिकोण. हिरव्यात पिवळा, पिवळ्यात लाल, आणि लाल त्रिकोणाच्या टोकाला गोंड्यासारखा दोऱ्याचा झुपका. एकदा विचारलं, हे कशाला? म्हणाल्या, कोपरा लवकर फाटतो म्हणून. कोपरा फाटू नये म्हणून जाड कापडाचा एक तुकडा पुरला असता. एकात एक तीन त्रिकोण, तेही रंग निवडून, आणि झुपका! झुपक्यानं कोणाची थंडी गेली? काहीतरी कारण त्यांना तयार ठेवावंच लागायचं. भर दुपारी बाई रिकामी बसलेली कोणाला दिसता कामा नये, म्हणून हौससुद्धा कामाचं लुगडं नेसून यायची. तुमची हौस उघडी बसलीय, कामाचा पदर न घेता. सासूबाईंना खटकतं ते हेच असावं, आणि त्यात थोडासा हेवाही असेल. तो त्यांच्या तोंडून वदवून घ्यायला जाऊ नका. सुनेनं सासूला मनाचं शास्त्र समजावून सांगितल्यानं कुठलंही घर सुखी झालेलं नाही.

एक करून बघा. चार चौकोन जोडून पाठीला कापड लावाल तेव्हा ते जागच्या जागी राहायला दर चार-पाच बोटांवर मागून आरपार टाका घेऊन गाठ मारावी लागते, तीही पुढून दिसणार नाही अशी. थर न सरकता हे करणं मोठं जिकिरीचं काम. जन्मभर गोधड्या शिवलेल्या बाईला हे तुमच्या मोबाइलमधल्या बाईपेक्षा नक्की जास्त कळतं. खरोखर अडलात तर विचारा. अडला नसाल तर विचारण्याचं नाटक करू नका, त्यांना लगेच कळेल. आणि त्या “मले काय माहीत व माय” म्हणाल्या तर चहा ठेवायला उठा, विषय संपला. त्यांच्या बोलण्यावर इलाज नाही, पण तुमचं काम त्यांच्या खाटेसमोर मांडून बसायलाच हवं असंही नाही.

यजमानांना मात्र हिशेब दाखवता येतो, पुरुषांना तो पटतो. एक चौकोन म्हणजे एकवीस दिवस, दीड तास, म्हणजे साडेएकतीस तास. बटव्याला निम्मं काम धरू, पंधरा तास. तीनशेतून अस्तर, चेन, मणी, दोरा यांचे सत्तर वजा करा. राहिले दोनशे तीस. तासाला पंधरा रुपये. या भावात निंदणीलासुद्धा कोणी येणार नाही, आणि आलं तरी दोन वेळा चहा मागेल. हा कागद भिंतीला लावून ठेवा. मी विकण्याच्या विरुद्ध नाही. ज्यांना घर चालवायचंय त्यांनी मशीनवर बटवे शिवावेत, दिवसाला दहा होतात, त्यात सन्मान आहे आणि पैसाही. तुम्हाला पैशाची नड असती तर पत्रात ती दिसली असती. दहा बटवे एकाच मापाचे, एकाच रंगाचे, अमक्या तारखेला हवेत म्हटलं की तिसऱ्या बटव्यालाच तुम्हाला सुईची शिसारी येईल. मी हे भोगलंय. ओळखीच्या एका दुकानदारासाठी रुखवताच्या वस्तू करत होते, मण्यांची तोरणं. त्यांनी पैसे बुडवले ते बुडवले, पण त्यानंतर चार वर्षं मी मणी हातात धरला नाही, ते जास्त वाईट.

नणंदेला एक बटवा द्या. भाऊबीजेला द्या, तुमच्या मनाच्या रंगाचा, विकत नाही, भेट. भेट घेतलेली बाई उरलेल्या नऊंचा भाव करत नाही. निदान त्या दिवशी तरी.

दुपारच्या दीड तासाबद्दल एवढंच, आता उन्हं चढताहेत तर तो सकाळवर न्या. घामेजल्या हातानं पांढरा दोरा मळतो आणि जर काळवंडते. कूलरसमोर बसू नका, ओल्या हवेनं जरीचं तेच होतं. पन्नाशीला आलात, जवळचा चष्मा लावूनच बसा. रात्रीच्या दिव्यात काळ्या मखमलीवर काळे मणी लावायला मी तिशीतही बसले नसते.

राहिला शालू. मुद्दाम शेवटी ठेवला.

रेशीम घडीवर का चिरतं? एकाच रेघेवर वर्षानुवर्षं दाब राहतो, त्यात जरीची तार कडक, ती शेजारच्या मऊ रेशमाला कापत राहते. हवा, घाम, उजेड यांची भर पडते. मी वर सांगितलेल्या त्या अमेरिकेतल्या चादरींतही रेशमाचेच तुकडे आधी गेले. त्याचं एक कारण लबाडीचं आहे. कच्चं रेशीम उकळून त्यातला डिंक काढला की वजन जवळजवळ पाव हिश्श्यानं घटतं. माल विकायचा वजनावर, म्हणून कथलाचे, लोखंडाचे क्षार पाजून ते वजन भरून काढायचे. असं रेशीम हातात भारी लागतं आणि पुढे आपोआप फाटतं. आज त्या चादरींत मखमल शाबूत आणि शेजारचा रेशमी तुकडा चिंध्या, असं दिसतं. तुमच्या आईचा शालू तसल्या रेशमाचा आहे असं मी म्हणत नाही. पण जीर्ण रेशीम चौकोनात घालून ते आणखी पन्नास वर्षं टिकेल या भरवशावर राहू नका. कापल्यानं शालू वाचणार नाही, त्याचं फक्त रूप बदलेल.

तपासायचं असं. घडीपासून दूरची जागा घ्या, दोन चिमटींत धरा, हळूच ताणा. कुरकुर ऐकू आली किंवा धागे सरकले तर त्याच्यावर टाका घालायचा विचार सोडा. सुई गेली की भोकाभोवती फाटेल. तसला तुकडा वापरायचाच असेल तर खाली पातळ फ्यूजिंग, म्हणजे इस्त्रीनं चिकटणारं अस्तर, लावायचं, मंद इस्त्रीनं, मधे सुती कापड ठेवून, आणि वर त्याच रंगाची बारीक नेट ताणून फक्त कडेनं टाचायची. मणी नाहीत, टिकल्या नाहीत. दोन घड्यांमधलं कापड घट्ट निघालं तर मात्र ते नेहमीसारखं वापरता येईल. बहुतेक शालूंत ते निघतं.

आणि कापायचं झालं तरी किती? नऊ वारांतून चौकोनाला लागतो तळहाताएवढा तुकडा. पदराला हात लावायचा नाही, काठालाही नाही. नेसताना आत खोचलं जातं ते टोक घ्या. तिथून वीतभर पट्टी काढली तर घडी घातल्यावर कोणाला कळणारही नाही, आणि पुढच्या चार चौकोनांना ती पुरेल. कात्री थरथरते कारण तुमच्या डोळ्यांसमोर अख्खा शालू फाडायचं चित्र आहे. मोजून बघा, वीतभराचा प्रश्न आहे.

तरीही आज कापू नका. तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, लुगडी बहिणीकडे गेली, शालू माझ्याकडे आला. वाटणीत आला, हे मान्य. पण आईच्या शालूवर दुसऱ्या लेकीची नजर नसते असं कधी होत नाही, तिनं तोंडानं काही म्हटलेलं नसलं तरी. तुम्ही कापलात आणि तिला तो चौकोन बनून भिंतीवर दिसला, तर पुढची वीस वर्षं ती तुमच्या भरतकामाचं कौतुक करेल आणि शालूबद्दल तुमच्या वहिनीशी बोलेल. आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, दोघी माहेरी जाल. झोका रिकामा झाला, जेवणं उरकली की शालू पिशवीतून काढून दोघींच्या मांडीवर पसरा. चिरा दाखवा. तुमचा चौथा चौकोन सोबत न्या, पहिले तीन नको. काय करायचं मनात आहे ते सांगा आणि तिच्याकडच्या लुगड्यांतही एखादं फाटलेलं असेल तर तेही काढायला सांगा. कदाचित ती म्हणेल, दोन चौकोन मलाही कर. मग आणखी दीड महिन्याची बेगमी झाली. कात्री मात्र घरीच ठेवून जा, माहेरच्या ओसरीवर अशा गोष्टी घाईत होतात.

ती नको म्हणाली तर शालू तसाच राहू द्या. पण घडी नका घालू, जुन्या धुतलेल्या सुती लुगड्यात गुंडाळी करा, पुंगळीसारखी. गुंडाळणं जमत नसेल तर दर दोन-तीन महिन्यांनी घडीची जागा बदला. डांबरगोळ्या जरीला लागू देऊ नका, कापडात बांधून कोपऱ्यात ठेवा. आणि पावसाळा संपला की एक दिवस सावलीत, उन्हात नाही, पसरून ठेवा.

तोवर त्या ब्लाऊजपीसांतून पाचव्या चौकोनाचे तुकडे काढायला घ्या. मांजरपाट आज रात्रीच भिजत घाला.